हातातला चेअरमन

माझ्या धाकट्या दिराइतका घाबरट माणूस शिरूर तालुक्यात दुसरा नाही, आणि दौंड तालुक्यातही असेल असं मला वाटत नाही. लोक साप, विंचू, पोलीस असल्या गोष्टींना भितात. भाऊजी न घडलेल्या गोष्टींना भितात, आणि त्या तर कधी संपतच नाहीत. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचं, चार पावलं जाऊन परत यायचं, आणि मग मला विचारायचं, "वहिनी, मी वढून बघितलं ना?" कासुर्डीला नात्यातलं लग्न होतं. सगळे एकाच गाडीत बसून निघालो. न्हावऱ्याला भाऊजी उतरले. गॅस बंद केलाय का, ते आठवेना. परत घरी गेले, गॅस बंदच होता, आणि कासुर्डीला पोचले तेव्हा मांडवातल्या खुर्च्या टेम्पोत भरत होते. नवरा-नवरीच्या डोक्यावर टाकायच्या अक्षता खिशात घेऊन माणूस घरी परत आला. रांजणगावला कंपनीत त्यांचं काम माल तपासायचं. त्यांच्या हातून खराब माल कधी बाहेर गेला नाही, हे खरं. चांगलाही फारसा गेला नाही. साहेबानं त्यांना निरोपाचा नारळ दिला तेव्हा साहेबाचाच चेहरा जास्त मोकळा दिसत होता.

नवी वस्तू वापरायची नाही, हा त्यांचा दुसरा नेम. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, हेल्मेट प्लास्टिकमध्ये, सोफ्यावर प्लास्टिक; उन्हाळ्यात त्यावर बसलं की उठताना कातडी सोलून निघते. माझी जाऊ होती तोवर म्हणायची, "आमच्या घरात सगळं पुढच्यासाठी असतं, जाऊबाई." माहेराहून तिला काचेचा चहाचा सेट आला होता. फुटंल म्हणून भाऊजींनी तो माळ्यावर ठेवला. ती गेली, सेट माळ्यावर आहे. यावर मी त्यांना एकदा बोलले, पुन्हा बोलले नाही. जाऊ गेल्यापासून त्यांचा दोन वेळचा डबा माझ्याकडून जातो. भिंतीला भिंत लागून घर आहे, त्यात मोठं काही नाही.

मागच्या दोन खोल्या त्यांनी कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या आहेत. ही पोरं रविवारी ओट्यावर पत्ते घेऊन बसायला लागली तसे भाऊजी माझ्याकडे धावत आले. "वहिनी, जुगार! पोलीस आलं तर घरमालक म्हणून मलाच धरतील." मी म्हटलं, बसून बघा तरी काय खेळतात. बसले ते बसलेच. तो जुगार नव्हता, आणि पत्तेही आपले रमीचे नव्हते. एकेका पत्त्यावर एकेक चित्र, कुठं भूत, कुठं मासा, कुठं कंदील घेतलेली म्हातारी, आणि खाली इंग्रजीत त्याची करामत लिहिलेली. पत्ते दुकानात बंद पाकिटात मिळतात. आत काय निघेल ते नशीब. आपल्याला हवे ते पत्ते निवडून ज्यानं त्यानं आपली गड्डी घरी जुळवायची आणि दुसऱ्याच्या गड्डीशी लढायचं. हे सगळं कळायला मला महिना लागला, भाऊजींना एक रविवार. पण त्यांना खेळ आवडला तो वेगळ्याच कारणानं. त्यात प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं पाकीट घालतात, आणि ते पाकीट काढायचंच नसतं. आपल्यासारखी माणसं जगात आहेत हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

मग रविवारी ओट्यावर गर्दी व्हायला लागली. शिरूरातली पोरं, कंपनीतली पोरं, दौंडहून मोटारसायकलवर येणारी पोरं. पंचवीस वर्षांचे बाप्ये आणि त्यांच्यात हे पांढऱ्या मिशांचे काका, भिंग घेऊन बारीक अक्षर वाचणारे. जाऊ गेल्यापासून त्या ओट्यावर मी माणसाचं हसणं ऐकलं नव्हतं. मी चहाचं पातेलं मोठं काढलं.

आणि त्यात चेअरमन आला.

म्हणजे एक नवा पत्ता आला. त्यावर सिंहासनावर बसलेला बेडकासारखा जाड राक्षस होता. मागच्या खोलीतल्या लातूरच्या संतोषनं त्याला बघूनच नाव दिलं. हा टेबलावर बसला की समोरच्यानं दर खेपेला आपल्या हातातला एक पत्ता फेकून द्यायचा. थोड्या वेळात समोरचा मोकळा. आमच्या सोसायटीत असाच एकजण वर्षानुवर्षं बसलेला मी पाहिला आहे, त्यामुळे मला समजावून सांगावं लागलं नाही. त्याला उठवायचा एकच पत्ता, त्याला पोरं अविश्वास म्हणायची. अविश्वास टाकला की चेअरमन खाली. मग काय झालं, ज्यानं त्यानं आपल्या गड्डीत चेअरमन घातला, आणि दुसऱ्याच्या चेअरमनसाठी अविश्वास भरले. एवढं भरल्यावर बाकीच्याला जागा कुठं राहते? मासे गेले, भुतं गेली, भाऊजींची आवडती कंदीलवाली म्हातारी गेली. सगळ्यांच्या गड्ड्या सारख्या झाल्या. आज तुझा बसला, उद्या माझा बसला. संतोष एकदा पत्ते आपटून म्हणाला, "काका, यात खेळ काय ऱ्हायला? कुणाचा चेअरमन आधी येतो तेवढंच बघायचं." पोरं कमी व्हायला लागली. दौंडलाही त्यांचं एक टेबल होतं, तिथंही तीच गत. मी पातेलं पुन्हा लहान काढलं.

भाऊजींना स्वतःलाही एका पाकिटात चेअरमन निघाला होता. बाकीच्यांनी पाकीट दातानं फाडलं असतं. ह्यांनी दाढीच्या ब्लेडनं उघडलं. त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. पत्ता ओलावला तर? वाकला तर? कुणी उचलला तर? प्लास्टिकच्या पाकिटावर दुसरं पाकीट, ते डब्यात, डबा कपाटात, कपाटाला कुलूप, आणि ते कुलूप ओढून बघायला मी. खेळताना तर गंमतच. चेअरमन हातात आला की त्यांच्या कपाळाला घाम. पण खाली ठेवायचे नाहीत. समोरच्याकडे अविश्वास असला तर? म्हणून धरून बसायचे. डाव संपायचा आणि चेअरमन त्यांच्या हातात तसाच, कोरा. पोरं आधी चिडली, मग हसायला लागली, मग त्यांनी तेही सोडलं.

शेवटी दोन्हीकडची उरलीसुरली माणसं फोनवर बोलली. दोन अर्धी टेबलं चालवण्यापेक्षा एक पूर्ण चालवू. शिरूरचा एक, दौंडचा एक, एकच डाव. जो जिंकेल त्याच्या गावात रविवार. शिरूरकडून भाऊजींना बसवलं, कारण चेअरमन तेव्हा शिरूरात त्यांच्याकडेच उरला होता, बाकीचे आपापले विकून मोकळे झालेले.

त्या आठवड्यात माणूस अर्धा झाला. डबा भरलेला परत येई. "वहिनी, हरलो तर ओटा बंद."

"मग हरू नका."

"दौंडला दर रविवारी मला जमंल का? एसटी बंद पडली तर? घराला कुलूप, मागं गॅस..."

"भाऊजी, भाकरी खा."

पण मलाही ठाऊक होतं. ओटा बंद झाला तर हा माणूस रविवारीही कुलूपच ओढत बसणार. ते काही चांगलं नव्हतं.

दौंडकडून एक बाई आल्या. पतसंस्थेत कॅशिअर, चाळिशीच्या, साडीवर हेल्मेट. नोटा मोजायच्या सवयीनं गड्डीतले पत्ते उचलताना बोट जिभेकडे जायचं आणि सगळी पोरं ओरडायची, "मॅडम, थुंकी न्हाई! थुंकी न्हाई!" बाई हसायच्या आणि दोन पत्त्यांनंतर बोट पुन्हा जिभेकडे. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. भाऊजींनी त्या डावासाठी गड्डीत मावतील तेवढे अविश्वास भरले होते. एक चेअरमन चुकून सुटायला नको.

बाईंनी मासा ठेवला. मग भूत. मग कंदीलवाली म्हातारी. भाऊजी वाट बघत राहिले. त्यांच्या हातात अविश्वासावर अविश्वास जमले आणि उठवायला समोर चेअरमनच नव्हता. स्वतःचा मात्र हातात येऊन बसला होता. त्यांचं कपाळ बघून मला लगेच कळलं. संतोषलाही कळलं. तो मागून कुजबुजला, "काका, ठिवा की आता!" भाऊजींनी पत्ता अर्धा बाहेर काढला, बाईंकडे बघितलं, आणि परत हातात सरकवला. दोनदा असंच. तिकडं म्हातारी, भूत आणि मासा थोडं थोडं करून त्यांना खात गेले. डाव संपला.

बाई पत्ते गोळा करायला लागल्या. भाऊजींनी विचारलं, "तुमच्याकडं अविश्वास किती हुते?"

"एकबी न्हाई, काका."

"चेअरमन?"

"त्योबी न्हाई. आधी त्याला काढला, मग त्याच्या भीतीनं भरलेलं पत्तं काढलं. गड्डीत केवढी जागा झाली!"

"आन् मी ठेवला असता तर?"

"तर मी गेले हुते." बाईंनी हेल्मेट उचललं. "पण तुमी ठिवत न्हाई, हे दौंडला समद्यांना ठाऊक हाय."

जाताना त्या त्यांच्या पाया पडल्या. म्हणाल्या, "काका, रविवारी या." भाऊजी व्हय म्हणाले. पण ते तोंडानं.

पुढच्या रविवारी संतोष गाडीवर बसवून नेतो म्हणाला, तर हे नको म्हणाले. वाटेत घसरलो तर? पोरं गेली. ओटा रिकामा. भाऊजी पायरीवर बसून आपल्याच दाराच्या कुलपाकडे बघत होते. मी माझं काम आटोपलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. मी चौथी शिकले आहे. इंग्रजी मला येत नाही, पण चित्रं येतात.

"मांडा."

"तुम्हांला कुठं येतंय, वहिनी?"

"येत न्हाई तर तुम्हांला सोपं जाईल. मांडा."

संतोषची मागं ठेवलेली जुनी, अविश्वासांनी भरलेली गड्डी मी घेतली. थोडा वेळ गेला आणि त्यांच्या कपाळाला घाम आला. मी म्हटलं, "आला ना हातात? ठेवा खाली. मला काय, मी अडाणी बाई." त्यांनी बराच वेळ घेतला. मग दोन्ही हातांनी, देवापुढं नारळ ठेवावा तसा चेअरमन खाली ठेवला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा टेबलावर बसला होता. आणि मी अविश्वास टाकला.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काढला?"

"काढला. मेलात का?"

त्यांनी स्वतःकडं बघितलं, जणू खात्री करून घ्यायची होती. "न्हाई," म्हणाले. आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला वाटतं हसण्याचंच होतं ते पाणी. मी चौकशी केली नाही. मग त्यांनी पत्ते पुन्हा पिसले आणि चेअरमन परत ठेवला, मी परत काढला, संध्याकाळपर्यंत हेच चाललं. उठताना म्हणाले, "वहिनी, माळ्यावरचा सेट काढू का? चहाला."

एक कप त्याच दिवशी फुटला. कुणाकडून ते सांगत नाही.

आता रविवारी ते सकाळच्या एसटीनं दौंडला जातात. कुलूप अजून ओढतात, पण एकदाच, आणि किल्ली माझ्याकडे देतात. संध्याकाळी येऊन कुणी कुठल्या डावाला त्यांचा चेअरमन उठवला ते सगळं सांगतात, हरलेले असले तरी आनंदानं. इकडे ओट्यावर दिवसभर कुणी नसतं. मी एकदा त्यांचा गॅस बघून येते. बंदच असतो. दिवेलागणीला गाडीच्या वेळेला दारात उभी राहते, तेवढंच. परवा गाडीला उशीर झाला, आणि मी उगीच विचार करत बसले: बंद पडली असेल तर? चुकली असेल तर? ह्या वयात मला त्यांचा रोग लागला.