हॅनाच्या घरी पाणी कोण भरत होतं?

ऐंशी साल उजाडायचं होतं, तेव्हाचा हा प्रवास. सतराव्या शतकात धर्मासाठी इंग्लंड सोडून अमेरिकेत वस्तीला गेलेल्या हॅना नावाच्या प्युरिटन बाईवर मी नागपूरला पीएच.डी. करत होते. छप्पन साली मला कडेवर घेऊन उमरेडहून नागपूरला दीक्षा घ्यायला आलेली माझी आई आणि ही हॅना एकाच मातीच्या, असं माझं लाडकं मत. पहिलं प्रकरणच त्यावर बेतलं होतं.

निघताना आई एवढंच म्हणाली, "तिच्या घरी पानी कोन भरे, ते पाहून येजो वं." मी हसण्यावारी नेलं.

मुंबईहून विमान, मग बोस्टनहून बसने दोन तास, हॅनाच्या गावी. जाणार असाल तर ऑक्टोबरात जा, झाडं लालभडक होतात. स्वेटर मात्र दोन घ्या. हॉटेल परवडेना म्हणून एका म्हातारीकडे खोली घेतली. रोज पाव आणि उकडलेले बटाटे. आईने दिलेली ठेच्याची बरणी आठवड्यात संपली.

प्रार्थनाघरात कोणी कुठे बसायचं याचा जुना तक्ता दाखवतात. मानाची माणसं पुढे, हॅना दुसऱ्या बाकावर, नोकरचाकर मागे जिन्याखाली. मला आमच्या गावातल्या पंगती आठवल्या. तरी मी वही मिटली आणि पुढे गेले.

तिसऱ्या दिवशी जुन्या दस्तांच्या कचेरीत तिचं मृत्युपत्र मिळालं. लेकीला दोन पितळी किटल्या, एक गादी आणि "माझी इंडियन पोरगी". म्हणजे तिथल्याच मूळ रहिवाशांची, गुलाम केलेली.

"हिचं नाव?" मी कारकून बाईंना विचारलं.

"नाही लिहिलेलं. तेव्हा तशी पद्धतच होती."

पद्धत! हाच शब्द ऐकत आमच्या पिढ्या मागे बसल्या. हॅनाचा राग आला, त्याहून जास्त माझा.

नागपूरला माझ्या मार्गदर्शक सरांना त्या पोरीवर लिहिलेलं पान दाखवलं. "विषय श्रद्धेचा आहे, नोकरांचा नाही. काढा ते, नाहीतर पदवी लांबेल." मी काढलं. पहिलं प्रकरण तसंच राहिलं.

बांधलेला प्रबंध घेऊन उमरेडला गेले. आईला वाचता येत नव्हतं. हातमागावरून उठून तिने हात पुसले, जिल्दीवरून फिरवले.

"मंग? पानी कोन भरे?"

"एक पोरगी होती, माय. तिचं नाव नाही लिवलं कोनी."

"तुनं तरी लिवलं ना तिच्याबद्दल?"

"हो," मी म्हणाले.

तिने प्रबंध बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवला. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तो प्रबंध उचलायला माझा हात अजून होत नाही.