अकोल्याच्या उन्हातली चाचणी

“चालते म्हनू नको राजा. कुठं चालते ते सांग.”

प्रोग्राम चालतो असं कुणी म्हटलं की दादा उजव्या हाताची बोटं पसरून एकेक दुमडायला लागायचे. नव्या विंडोजवर चालतो? जुन्यावर? लिनक्सवर? शाळेतल्या खटाऱ्यावर? चौथ्या बोटाशी समोरचा गप्प व्हायचा. मग ते बोट तसंच उभं ठेवून म्हणायचे, “हे राहिलं नं.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पंगतीत सगळे जेवायला बसलेले असतात आणि हा एकटा शेवटच्या पानावर वरण पोचलं का ते बघत फिरत असतो.

दादा अमरावतीत बडनेरा रोडच्या आतल्या अंगाला राहायचे. त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडल्यावर संगणक दुरुस्तीवर घर चालवायचे. पण त्यांचा जीव गुंतला होता एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये. शाळकरी मुलांना लिहायला, चित्रं काढायला उपयोगी पडणारं ते सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातली माणसं घरबसल्या त्यात भर घालतात. नवी भर पडली की जुनं काही मोडलं नाही ना, हे बघायला छोट्या चाचण्या लिहून ठेवलेल्या असतात. पास झाली की हिरवी खूण, नापास झाली की लाल. तीच चाचणी एका संगणकावर हिरवी आणि दुसऱ्यावर लाल का होते, हे शोधायचं बिनपगारी काम दादांनी अंगावर घेतलं होतं. त्यातही जुने संगणक सर्वस्वी त्यांच्याकडे; त्यांवर चालतं असं दादांनी कळवल्याशिवाय नवी आवृत्ती मंजूर होत नसे. कारण तिवसा, अंजनगावकडच्या शाळांना कुणीकुणी दान दिलेले तसलेच संगणक होते.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. आमच्या लॅबमध्ये भिंतीकडेला अशाच म्हाताऱ्या संगणकांची रांग होती, म्हणून आमची ओळख. दादा सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून यायचे, माझ्यासाठी डब्यातून दह्यात भिजवलेले गिलावडे आणायचे आणि चाचणी लावून बसायचे. एकदा नव्हे, वीस वेळा. “एकदा चालली तं नशीब. वीसदा चालली तं काम.” वीस वेळा चालवायला दीड तास लागायचा. तेवढा वेळ ते पडद्यावरून नजर हलवत नसत. चहासुद्धा अंदाजानं प्यायचे, आणि बरेचदा तो शर्टावर सांडायचा.

एकदा कुणा परदेशी गृहस्थानं लिहिलेली वेळेची चाचणी सगळीकडे हिरवी आणि दादांच्या घरी लाल. दोन दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी सापडलं, की जगातली घड्याळं पूर्ण तासांनीच मागेपुढे असतात असं त्या गृहस्थानं धरून चाललं होतं. आपलं पडलं साडेपाच तासांचं. दादांनी त्याला अदबीनं कळवलं, ‘आमचा अर्धा तास तुमच्याकडे राहिला आहे, कृपया परत करावा.’ हे मला फोनवर सांगताना ते इतके हसले की वहिनी पाणी घेऊन आल्या.

मग तो मे महिना आला. दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पडदा बघायला आणि प्रवासाला मनाई केलेली, आणि नवी आवृत्ती निघायला चार दिवस उरलेले. फाइल साठवण्याचा सगळा भाग त्यात नव्यानं लिहिला होता. दादांचा फोन आला.

“राजा, या खेपेले तुये डोये तेच माये डोये. वीसदा चालव. पडली तं पडली म्हन, लाजू नको.”

मी दुपारी लॅब उघडली, चाचणी लावली आणि दादांना फोनवर तसं कळवलं. अकोल्यात मे महिन्यात काहीही बिघडलं की दोष उन्हाचा. दूध नासलं, गाडी बंद पडली, सासूसुनेचं वाजलं, सगळं उन्हावर जातं. चौथ्या वेळी चाचणी लाल झाली. मी संगणकाला हात लावून बघितला, तर चटका बसला. म्हटलं, तापला असेल. टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. पुढच्या चार वेळा हिरवी, नवव्यांदा पुन्हा लाल. मला घाम फुटलेला, डोकं भणभणत होतं. दोन्ही लाल खुणा मी उन्हाच्या नावावर लिहिल्या, संगणक बंद केला आणि फोन लावला.

“झालं दादा. सगळं हिरवं.”

“वीसदा?”

“वीसदा.”

“जितलं रे माया राजा!” ते म्हणाले. त्यांनी वहिनींकडून सॉफ्टवेअरच्या मंडळींना निरोप लिहवून घेतला, ‘जुन्या संगणकावर वीस वेळा तपासले. जबाबदारी माझी.’

दोष उन्हाचा नव्हता. साठवताना तो प्रोग्राम जुनी प्रत आधी पुसायचा, आणि जुन्या संगणकावर नवी प्रत लिहून होण्याआधीच मधूनमधून अडकायचा. शाळा सुरू झाल्या. ऑगस्टात तिवस्याकडच्या एका शाळेतल्या बाईंचा दादांना फोन आला, की मुलांनी दोन महिने लिहिलेलं सगळं गेलं. दादा एसटीनं तिथं गेले, दिवसभर एकेक संगणक उघडून बसले. काही परत मिळालं नाही. मुलं दारातून बघत होती आणि त्यांच्याकडे बघायची आपली हिंमत झाली नाही, असं त्यांनी वहिनींना सांगितलं.

सॉफ्टवेअरवाली मंडळी सभ्य होती. त्यांनी दादांचे आभार मानले, नवी आवृत्ती मंजूर करण्याचा त्यांचा अधिकार काढून घेतला आणि जुन्या संगणकांसाठी सॉफ्टवेअर देणंच बंद केलं. भरवसा उरला नाही, म्हणाले. त्या शाळांमधले संगणक आता कापडाखाली झाकलेले आहेत.

हे कळल्यावर मी अमरावतीला गेलो. दादा खाटेवर बसले होते.

“दादा, मी वीसदा नव्हती चालवली.”

“माईत हाय. वीसदाले दीड घंटा लागते. तुया फोन पाऊन घंट्यात आलता. तवा मले खुशीत समजलंच नाई.” मग त्यांनी विचारलं, “किती वेळा पडली?”

“दोनदा. मले वाटलं, ऊन हाय.”

“ऊन तं होतंच,” ते म्हणाले. “पडली म्हनला असता तं मी थांबोलं असतं राजा. चार दिस उशीर झाला असता, बस.”

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी त्यासाठीच गेलो होतो. त्यांनी वहिनींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

त्यानंतर ते अकोल्याला आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात झोपेतच गेले. मी मातीला गेलो, पण मला खांदा द्यायला पुढे होता आलं नाही.

ही मंडळी आपसात जे लिहितात ते इंटरनेटवर सगळ्यांना वाचता येतं. तोवर मी ते टाळत होतो. दादा गेल्यावर एका दुपारी लॅबमध्ये बसून मी ऑगस्टमधलं ते सगळं वाचलं. एकानं सरळ विचारलं होतं, ‘त्या दिवशी चाचणी तुम्ही स्वतः केली होती, की दुसऱ्या कुणी?’ दुसऱ्या कुणी, एवढं लिहिलं असतं तरी दादांच्या नावावरचा ठपका टळला असता. सगळ्यांनी माझं नाव विचारलं असतं, एवढंच.

खाली दादांचं एका ओळीचं उत्तर आहे, ‘मी स्वतः केली होती.’

आयुष्यात जाणूनबुजून खोटी लिहिलेली त्यांची तेवढी एकच ओळ माझ्या माहितीत आहे. ती चर्चा आता बंद केलेली आहे. कुणालाही वाचता येते, पण त्या ओळीखाली मला काही लिहिता येत नाही.