बिननावाची सर्किटं

दुरुस्तीला आलेले रेडिओ लोक घेऊन जातात, त्यांचे किस्से मात्र दुकानातच राहतात. पारनेरच्या पेठेत दानियलकाकांच्या रेडिओच्या दुकानात मी सत्तर सालानंतर चार-पाच वर्षं काम केलं. तेव्हा चांगल्या रेडिओची नक्कल करून बनवलेली सर्किटं स्वस्तात मिळायची. नाव नाही, नकाशा नाही, ट्रान्झिस्टरवरचे नंबरसुद्धा खरवडून टाकलेले! कुठली वायर कुठं जोडायची, ते आपणच शोधायचं.

*

पहिलंच तसलं सर्किट हातात आलं तेव्हा मी विचारलं, "काका, हे कुणी बनवलं असंल?"

"बनवणाऱ्यानंच नाव पुसलंय, तू कशाला उकरतोस? ते काम काय करतं, तेवढं बघ."

तांब्याची सगळ्यात रुंद पट्टी म्हणजे अर्थिंग, सगळ्या जोडण्या शेवटी तिथंच येतात. तिथून ते एकेक रेघ बोटानं चाचपत गेले. स्पीकर जोडला, सेल लावले आणि आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. स्पीकर घुमला.

"जीव हाय यात!" काका म्हणाले.

*

एकदा घाईत मी सेलच्या लाल-काळ्या वायरी उलट्या जोडल्या. धूर निघाला. रेडिओ श्रीगोंद्याकडच्या एका फिटरचा होता. तो आला तेव्हा मी कपाटामागं सरकलो. काकांनी त्याला सरळ सांगितलं, "माझ्या हातनं जळला. दोन दिवसांनी या."

तो गेल्यावर मला रडूच फुटलं. काका एवढंच म्हणाले, "आता लाल वायर जन्मात इसरणार न्हाईस!"

*

एकाहत्तरच्या लढाईत गणपतराव नावाचे शेतकरी रेडिओ घेऊन आले. उंदरांनी आतल्या सगळ्या वायरी कुरतडलेल्या. "पोरगं सीमेवर हाय. बातम्या लागल्या पायजेत."

ते उठेनात, म्हणून आम्हीही जेवायला उठलो नाही. संध्याकाळच्या बातम्यांना रेडिओ लागला. गणपतरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आमच्या पोराचं काई सांगितलं न्हाई. म्हंजे बरा असंल, न्हाई का?"

"बराच असणार," काका म्हणाले.

पोरगा परत आला. लंगडत आला, पण आला.

*

आमच्या गावचे मास्तर वारले, त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी दुकानात आल्या. लहानपणीच्या तापात त्यांचे कान गेलेले. कानाशी ओरडलं तरी नुसता गलका कळायचा. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं समजून घ्यायच्या. त्यांनी पिशवीतून साबणाच्या वडीएवढं सर्किट काढलं.

"ह्यांनी शेवटी हे करायला घेतलं हुतं. काय हाय, ते मला बोलले न्हाईत."

काकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "स्टेशन लावायची सोयच न्हाई. रेडिओ न्हवं हा." एका टोकाला बारका माईक जोडायची जागा होती. दुसऱ्या टोकाला येणारी ताकद स्पीकरला पुरणारी नव्हती, कानात घालायच्या इअरफोनपुरतीच होती. काकांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं आणि वायरींना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री तापवली.

माईक जोडला. इअरफोन त्यांच्या कानात दिला. काका हळूच म्हणाले, "ताई, ऐकू येतंय का?"

त्या दचकल्या. हात छातीशी गेला. थोड्या वेळानं त्यांनी माईक उचलून माझ्यापुढं धरला.

"तू ह्यांच्या हाताखाली शिकलास ना?"

"व्हय, बाई."

"मग सांग, ह्यांचा आवाज कसा हुता?"