तात्यांनी विचारलेला शब्द

हवालदार तात्या रोज सकाळी आपले तळपाय हातात धरून निरखून बघत. फौजेत असताना बर्फात त्यांच्या पायाची दोन बोटं गेली होती आणि उरलेल्या पावलांना काही कळत नसे. काटा रुतला तरी दिसेपर्यंत पत्ता लागत नसे. पलूसला आमची घरं शेजारी. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, म्हणून एकदा फौजेच्या दवाखान्यातला जुना कागद आणून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "बाई, ह्ये नंब म्हंजे काय?"

"नम म्हणायचं, तात्या. शेवटचं बी हे अक्षर उच्चारायचं नाही. नम म्हणजे बधिर."

"बधिर म्हंजे बहिरा. मला ऐकू येतंय की." मग स्वतःशीच हसले. "लिवायचं आन म्हनायचं न्हाई. लय शिस्त हाय."

गेल्या वर्षी तात्यांची बायको, आमच्या काकी, गेल्या. तात्या रडले नाहीत. आलेल्यांना सतरंजी अंथरली, पाणी दिलं, काकींच्या शेळीला वैरण टाकली. बायका कुजबुजल्या. साताऱ्याला दिलेली त्यांची एकुलती लेक सुनंदा सगळ्यांदेखत म्हणाली, "तात्या, आई गेलीय. तुमाला काईच वाटत न्हाई?" त्यांनी पाण्याचा तांब्या पुढच्या पाहुण्याकडे सरकवला. दिवसकार्य उरकून ती गेली, ती पुन्हा आली नाही. फोनही उचलेना.

महिन्याभराने तात्या तोच जुना कागद घेऊन माझ्याकडे आले. "बाई, त्यो नम शब्द फकस्त हातापायालाच लावत्यात का?"

"नाही, मनालाही लावतात. आपण सुन्न म्हणतो ना, तेच. दुःख नसतं असं नाही. ते इतकं मोठं असतं, की माणसाला जाणवेनासं होतं."

"मग येवढं सुनीला सांगा. माझ्या तोंडून तिला पटायचं न्हाई. तुमी शिकलेल्या."

मी हो म्हटलं. पण परीक्षा आल्या, पेपर आले. असलं फोनवर कसं बोलायचं, सुट्टीत साताऱ्याला जाऊन सांगू, असं मी ठरवलं. तात्यांनी दोनदा विचारलं, "बोलला का?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. सुट्टी लागायच्या आधीच एका सकाळी मी चहाला हाक मारली, तर ओ आली नाही.

तात्यांच्या मातीला सुनंदा आली. पाहुणे पांगल्यावर मी तिला सगळं सांगितलं; उशीर माझ्यामुळे झाला, हेही. ती बांगड्या मागेपुढे करत ऐकत राहिली. मला वाटलं, आता चिडेल.

"बाई," ती म्हणाली, "सकाळपासनं लोकं माझ्या तोंडाकडं बघत्यात. मला रडूच येईना झालंय."