आमच्या ज्युरीचं एकमत

नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मी काही ते जपून ठेवत नाही, पण चार मराठी माणसं चहाला जमली की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा येतो, आणि चहा गार होऊन जातो.

नेदरलँड्सच्या कोर्टात ज्युरी नसते. न्यायाधीश निकाल देतात, लोकांना कुणी विचारत नाही. मला विचाराल तर शहाणा देश आहे. कारण आइंडहोव्हनच्या आमच्या ऑफिसात ज्युरी आहे, आणि मी तिच्यात आहे.

आम्ही चौघं. वाउटर आमचा टीम लीड, ताडमाड उंच, पण आवाज लायब्ररीत बसल्यासारखा. मराइके एचआरची. जोगळेकर पुण्याचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आणि मी शर्मिला, नाशिकची. नियम एकच, चौघांचं एकमत झाल्याशिवाय कुणाला घ्यायचं नाही. बहुमत इथे चालत नाही. एकाचा जरी चेहरा पडलेला दिसला तरी कॉफी आणायची आणि पहिल्यापासून बोलायचं.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक जागा निघाली आणि अर्जांच्या ढिगात अश्विनीचा अर्ज आला. अश्विनी जळगावची, कंट्रोल सिस्टिम्सची इंजिनियर. तिची आधीची कंपनी बंद पडली होती. आमच्यासारख्यांची नोकरी गेली की इथे तीन महिने मिळतात. तेवढ्यात दुसरी लागली नाही तर परमिट जातं आणि गाशा गुंडाळावा लागतो. तिचे दोन महिने सरले होते. नवऱ्याचं परमिट तिच्यावरच अवलंबून, आणि मुलगी शाळेत नुकतीच डच वाचायला लागलेली.

हे मला माहीत होतं, कारण आमचं मराठी मंडळ एकच. आणि मला ती आवडत नव्हती, हेही सांगून टाकते. गणपतीच्या महाप्रसादाला केलेल्या माझ्या मसालेभातात मीठ जास्त झालंय, असं तिने मला तोंडावर सांगितलं होतं. खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. जोगळेकरांचंही दुखणं होतं. त्यांचं प्रास्ताविक लांबलं तेव्हा हिने सरळ आरतीची घंटा वाजवायला घेतली होती.

ओळख आहे, हे आम्ही दोघांनी मराइकेला आधीच सांगितलं. ती म्हणाली, इथे सगळे भारतीय एकमेकांना ओळखतात, लपवलं नाहीत म्हणजे झालं. राग आहे, हे मात्र आम्ही लपवलं.

*

ही ज्युरी किती शहाणी आहे, ते कळायला योरिसचा किस्सा ऐकायला हवा. तो त्याच्या आदल्या वर्षीचा.

योरिसची मुलाखत उत्तम झाली. तो बाहेर गेला आणि आम्ही जेवता जेवता चर्चा सुरू केली. पहिली पाळी नेहमी वाउटरची. आम्ही त्याच्याकडे बघितलं, तर त्याने असं काही तोंड वाकडं केलं की विचारू नका. मग जोगळेकर म्हणाले, मलाही थोडी शंकाच होती. मी म्हटलं, उत्तरं जरा पाठ केल्यासारखी वाटली. मराइकेने मान हलवली. चार मिनिटांत योरिस बाद.

आठवड्याने वाउटर माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच विचारायला लागला, की तुम्हा सगळ्यांना तो मुलगा इतका का नावडला? मला तर फार आवडला होता. मी म्हटलं, अरे, तूच तर तोंड वाकडं केलंस! त्याने आठवून बघितलं. त्या दिवशी त्याच्या ग्लासातलं ताक नासलेलं निघालं होतं.

योरिसने तोवर दुसरीकडे सही केली नव्हती, हे आमचं नशीब. तो आता आमच्या टीममध्ये आहे. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही.

*

ताकानंतर मराइकेने कायदा केला. उमेदवार बाहेर गेला की कुणी चकार शब्द काढायचा नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर आधी हो किंवा नाही लिहायचं, घडी घालायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. डबा ती उघडणार, चिठ्ठ्या वाचणार, आणि मगच चर्चा.

पहिल्याच दिवशी जोगळेकर माझ्या चिठ्ठीत डोकावायला लागले. मी हाताने आडोसा केला. पन्नाशीचा माणूस, दोन पेटंटं नावावर, आणि सहामाही परीक्षेला बसल्यासारखा मान लांब करून बघतोय.

*

जोगळेकर माणूस सज्जन, पण स्वतःच्या कॉलेजपुढे त्यांना जग ठेंगणं वाटतं. एकदा त्यांच्या कॉलेजचा एक मुलगा आला आणि पाठोपाठ धुळ्याच्या कॉलेजातली एक मुलगी. दोघांनाही वाउटरने तोच प्रश्न विचारला आणि दोघंही उत्तराआधी गप्प बसले. चर्चेत जोगळेकर म्हणाले, मुलगा खोल विचार करणारा दिसतो. आणि मुलगी? तिला बहुतेक सुचत नव्हतं.

मराइकेने शांतपणे वही उघडली. तिला वेळ लिहून ठेवायची सवय आहे. मुलगा पन्नास सेकंद गप्प होता, मुलगी वीस. शिवाय तिचं उत्तर बरोबर होतं.

जोगळेकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ती मुलगी आता त्यांच्याच शेजारी बसते आणि ते तिची ओळख करून देताना सांगतात, हिला मी निवडलं.

*

जोगळेकरांना हसते, पण मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. त्याच अश्विनीवाल्या जागेसाठी एक उमेदवार आला तो नखशिखांत भिजलेला. पँटमधून पाणी गळत होतं, कार्पेटवर डाग पडले. मी मनातल्या मनात त्याला तिथेच नापास केलं. मुलाखतीला येणाऱ्याने निदान कोरडं यावं की नाही!

तो बाहेर गेला आणि वाउटर आणि मराइके गहिवरले. समोरून वारा, वर पाऊस, आणि माणूस सायकलने अगदी वेळेवर पोचला! त्याच्या आधी सुटाबुटात टॅक्सीने आलेला एक जण त्यांना उगाच शिष्ट वाटला होता. मला तो व्यवस्थित वाटला होता. दोघांनाही काम येत नव्हतं, हे आमच्या सगळ्यात शेवटी लक्षात आलं.

*

मग अश्विनी आली. कोरडी आली आणि वेळेवर आली. तिच्या मुदतीचे तेव्हा अठरा दिवस उरले होते.

वाउटरने फळ्यावर मशीनची आकृती काढली आणि कंपन कुठून येतंय ते शोधायला सांगितलं. तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, तुमच्या आकृतीतच चूक आहे. उठून तिने ती दुरुस्त केली आणि मग उत्तर दिलं. वाउटरचे कान लाल झाले. मला माझा मसालेभात आठवला, आणि पहिल्यांदाच वाटलं की बाई मिठाबद्दल खोटं बोलत नाही ते बरंय.

ती गेली. आम्ही चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकल्या. तेवढ्यात मराइकेला फोन आला, ती बोलत बोलत बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा वाउटर बोलायला लागलेलाही होता. डब्याचं कुणालाच आठवलं नाही.

वाउटर म्हणाला, टीममधल्या काहींना ती जरा जास्त स्पष्ट वाटेल का? तोंडावर बोलण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या डच माणसाच्या तोंडून हे ऐकून मी गार पडले. जोगळेकर म्हणाले, हुशार आहे, पण अजून एक-दोन जण बघायला हरकत नाही. माझी पाळी आली. मी काय बोलावं? मी म्हटलं, तिला घाई आहे, आत्ता ती कुठेही हो म्हणेल. हे बोलले आणि मला माझीच लाज वाटली, पण शब्द परत घेतले नाहीत. मराइके म्हणाली, तुम्ही तिघंही साशंक असाल तर मी काय बोलणार.

पाऊण तास आम्ही अतिशय सभ्यपणे बोललो. कुणी आवाज चढवला नाही. शेवटी एकमताने ठरलं की नको. वाउटरने ते वहीत लिहिलं आणि सगळे खिन्न होऊन उठलो.

मराइके टेबल आवरत होती. डबा उचलला तेव्हा आत काहीतरी हललं. तिने झाकण काढलं, एकेक चिठ्ठी उलगडली आणि ओळीने टेबलावर मांडली.

हो. हो. हो. हो.

मग जोगळेकर माझ्याकडे वळून मराठीतच म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही म्हणाल जोगळेकर परत आपलं माणूस घुसवतोय."

"आणि मला वाटलं, तुमचा अजून घंटेवर राग आहे," मी म्हटलं.

"आहेच की," ते म्हणाले.

वाउटरला आम्ही इंग्रजीत समजावलं. तो म्हणाला, तिने माझी चूक दाखवल्यावर मी लगेच हो म्हटलं तर तुम्हाला वाटेल मी उगाच मोठेपणा दाखवतोय, म्हणून मी दुसऱ्यांच्या नावावर शंका काढली. आणि खुर्चीत बसून तो इतका मोठ्याने हसला की शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले. मला मात्र रडू आलं. अठरा दिवस उरलेल्या बाईला आम्ही चार भल्या माणसांनी, चौघांच्याही मनाविरुद्ध, मायदेशी पाठवायला काढलं होतं.

वाउटरने वहीतली ओळ खोडली आणि तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. तिची बस रद्द झाली होती, ती अजून बसस्टॉपवरच होती. त्याने सांगितलं, तुला घेतोय, परमिटचे कागद उद्याच पाठवतो. जोगळेकर चष्मा पुसायला लागले.

मग ती म्हणाली, "एक विचारू? सगळे तयार आहेत ना? आधीच्या ठिकाणी एक जण माझ्या विरोधात होता, वर्षभर फार जड गेलं."

वाउटरने आमच्या तिघांकडे बघितलं.

"एकमताने," तो म्हणाला. "दोनदा."