वाळवंटातल्या बॉम्बरची राखण

२०२० मध्ये माझं पोस्टिंग डार्विनला होतं. शिकायला आलो, इथलाच झालो आणि तिशीत ऑस्ट्रेलियन आर्मीत भरती झालो. तेव्हा मी कॉर्पोरल होतो. महामारीत आमच्या सेक्शनला क्वीन्सलँडच्या सीमेवर पोलिसांच्या मदतीला पाठवलं. काम साधं. गाडी थांबवायची, परमिट बघायचं, नसेल तर गाडी परत पाठवायची.

त्या हिवाळ्यात सीमेच्या अलीकडे, आमच्या बाजूच्या वाळवंटात दुसऱ्या महायुद्धात हरवलेलं एक बॉम्बर विमान सापडलं. आत चौघांचे अवशेष होते. ते काढणारं पथक क्वारंटाइनमध्ये होतं, म्हणून राखणही आमच्याकडे आली.

आमच्या घरी प्रेत उचलेपर्यंत कोणीतरी जवळ बसतं. ड्यूटी नसली तरी मी विमानाच्या पंखाच्या सावलीत जाऊन बसायचो.

"मेट, ते काही पळून जाणार नाहीत," सार्जंट म्हणायचा. पण पाण्याची बाटली तोच आणून द्यायचा.

एका दुपारी चेकपोस्टवर जोन नावाच्या बाई आल्या. पंचाहत्तरी उलटलेली. विमानाचा वायरलेस ऑपरेटर टॉम हे त्यांचे वडील. जोन जन्मायच्या आधीच ते बेपत्ता झाले होते. परमिट नव्हतं.

"नुसती बघून येते, लव्ह."

मी रेडिओवर विचारलं.

"निगेटिव्ह. गाडी वळवा."

"सॉरी, मॅम."

"त्यांच्याजवळ कोण असतं?"

"मी बसतो. आमच्यात एकटं ठेवत नाहीत."

"बरीच वर्षं एकटेच होते की," त्या हसल्या. "मी मागच्या रोडहाउसला थांबते."

"कशाला? पथक यायला महिनाही लागेल. घरी जा. त्यांना याच रस्त्याने नेणार आहेत. मी आधी फोन करीन."

त्या ब्रिस्बेनला परतल्या.

पथक आठवड्याच्या आत आलं. त्याच दिवशी काम उरकून निघालं. मी फोन केला.

"मला पोचायला दोन दिवस लागतील रे," जोन म्हणाल्या.

पथकाची गाडी थांबवता येईल का, मी रेडिओवर विचारलं. उत्तर तेच आलं.

"तू आहेस ना तिथे?" जोन फोनवर म्हणाल्या. "मग माझ्या वतीने सॅल्यूट कर."

मी गेट उचललं, फोन चालू ठेवून सॅल्यूट केला. गाडी पलीकडे गेली. जोन थांबणार होत्या, त्या रोडहाउसवरूनच पुढे गेली असणार.

ओळख पटवायला बरेच महिने लागले. दफनाआधीच जोन गेल्या.

गाडी वळवा, हा आदेश होता. घरी जा, हे मी माझ्या मनाने सांगितलं होतं.

ॲन्झॅक डेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, चौघांची नावं वाचतात. टॉमचं नाव आलं, की जोनचं मी मनात घेतो.