फॉर्मलिनचा नियम

त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि तो कमी व्हावा म्हणून मी काहीही करत नाही. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात तो पॅथॉलॉजी लॅबचा प्रमुख होता. तोंडावर मी त्याला कायम 'सर' म्हटलं. इथे 'तो' म्हणणार आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याची नोकरी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आणि माझी पीएच.डी.ची नोंदणी पुण्यात. त्या नोंदणीची मुदत संपायला दीड वर्ष उरलं होतं. नमुने गोळा करण्यापुरती त्या रुग्णालयाने मला लॅबशेजारी एक खोली दिली होती. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या गाठीत आपल्या शरीरातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी शिरलेल्या दिसतात, पण तिथे जाऊन त्या स्वस्थ बसतात. का बसतात, हा माझा विषय. त्यांना लागलेला ब्रेक सोडवता आला तर रोग्याची स्वतःचीच फौज गाठ खाईल, असं म्हणणारी माणसं तेव्हा थोडी होती आणि त्यांना हसणारी पुष्कळ. हसणाऱ्यांपैकी एक माझ्या शेजारच्या खोलीत बसायचा.

"बाई, प्रतिकारशक्तीच वाढवायची ना? मग च्यवनप्राश द्या की," तो सगळ्या लॅबसमोर म्हणायचा. "त्याला पुण्याची डिग्री कशाला लागते?"

टेक्निशियन हसायचे. मी कामाच्या वहीत पुढची ओळ लिहायचे.

वहीत पहिल्याच पानावर मला लागणाऱ्या गोष्टींची यादी होती. रोग्याची परवानगी. गाठ काढल्याबरोबर तिचा हरभऱ्याएवढा तुकडा, कोरड्या नळीत. आणि तो तिथल्या तिथे गोठवायला द्रवरूप नायट्रोजन. पेशी त्या घडीला कोणती कामं करत होती, त्याच्या चिठ्ठ्या तिच्या आत असतात. त्यांना आम्ही आरएनए म्हणतो. तुकडा थोडा वेळ जरी तसाच पडला, तरी त्या फाटायला लागतात. फॉर्मलिनमध्ये पडला तर आणखी वाईट. तपासणीसाठी तुकडा टिकवायला फॉर्मलिन उत्तम, पण चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा होतो.

नायट्रोजन नाशिकमध्ये एकाच ठिकाणी हमखास मिळायचा, गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रावर. तिथे वळूच्या वीर्याच्या कांड्या त्यात ठेवतात. केंद्रावरच्या परिचरांनी मला कॅन कसा धरायचा ते शिकवलं. "ताई, झाकण दाबून बसवू नका, फुटंल. आन् मोपेडवर पायात ठेवा, मांडीवर नको. आमच्या एका गड्याची चामडी गेली हाय." त्यांनी मला कधी रिकाम्या हाती पाठवलं नाही. नायट्रोजनची गाडी उशिरा आली तर स्वतःच्या साठ्यातून काढून द्यायचे आणि म्हणायचे, "एक म्हैस थांबंल आठ दिवस, तिला काय घाई नाय."

लॅबप्रमुखाला ही हकीकत कळली तेव्हा त्याला महिनाभर पुरेल एवढी करमणूक मिळाली. "या बाईंच्या कॅनला कोणी हात लावू नका. लॅबमध्ये वासरं व्हायची."

शस्त्रक्रियागृहात मला प्रवेश नव्हता. वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही, असा आदेश त्याने व्यवस्थापनाकडून काढवून घेतला होता. छातीचे सर्जन भले गृहस्थ होते, पण ते भांडणात पडत नसत. मग मी दाराच्या आत एक यादी चिकटवायला दिली. कोरडी नळी, पाणी नाही, फॉर्मलिन नाही, लगेच दाराशी. आतल्या सिस्टर नळी आणून द्यायच्या, मी दाराबाहेर कॅन उघडून उभी असायचे. नळी आत गेली की फस्स आवाज व्हायचा आणि मला बरं वाटायचं. रोग्याचा क्रमांक, वेळ, नळीचा क्रमांक, सगळं वहीत. वर्षभरात बावीस नळ्या जमल्या.

त्या घेऊन मी पुण्याला गेले. पहिल्या सहा नळ्यांतून काहीही निघालं नाही. जेलवर, म्हणजे आरएनए तपासायच्या जेलीसारख्या चकतीवर, जिथे दोन ठळक पट्टे दिसायला हवेत, तिथे नुसता धुरकट फराटा. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "नाशिकला राहून हात बिघडलाय तुझा."

मी स्वतःचं रक्त काढलं आणि त्याच दिवशी, त्याच रसायनांनी, त्याच हातांनी त्यातला आरएनए काढला. दोन पट्टे, स्वच्छ. त्यांना दाखवले. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या करून बघ." माफी तर नाहीच मागितली. मग उरलेल्यांपैकी दहा नळ्या करून पाहिल्या. सगळीकडे फराटा.

परतीच्या एसटीत मी गाठ निघाल्यापासून जेलपर्यंतच्या पायऱ्या लिहून काढल्या आणि तपासलेल्या पायरीवर काट मारत गेले. नाशिक आलं तेव्हा एकच पायरी उरली होती. सर्जनच्या हातापासून दारापर्यंत. सगळ्या यादीत तेवढीच मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सिस्टरना कँटीनमध्ये गाठलं. पंचविशीतली, कळवणकडची मुलगी, कामाला चोख. मी विचारलं, "तुकडा निघाल्यावर तुम्ही नेमकं काय करता? एकेक सांगा."

तिने सरळ सांगितलं. "सर काढून ट्रेमध्ये देतात. मी तो फॉर्मलिनमध्ये टाकते. मग त्यातनं तुमच्यापुरता कापून घेते, नळाखाली धुते, टिपून कोरडा करते, नळीत घालते."

"यादीत काय लिहिलंय?"

"कोरडी नळी. कोरडीच असते की मॅडम." तिचा चेहरा उतरला. "लॅबच्या सरांनी सांगितलंय, शरीरातनं निघालेली वस्तू पहिली फॉर्मलिनमध्ये, नाहीतर नोकरी जाईल. आणि तुम्ही सांगता फॉर्मलिन नको. मी दोघांचंही ऐकत होते."

तिच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता, तरी मी ओरडले. ती रडली. तिला मी सॉरी म्हटलं ते चार दिवसांनी, आणि तेही नीट नाही. वास मला यायला हवा होता, हेही खरं. पण त्या इमारतीत भिंतींना, पडद्यांना, माझ्या डब्याच्या पिशवीलासुद्धा फॉर्मलिनचा वास होता. नाकाने काम सोडून दिलं होतं.

मग मी लॅबप्रमुखाच्या खोलीत गेले, दार वाजवलं नाही.

"यादी दारावर आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि तिने काय करायचं ते तुम्ही वेगळं सांगितलं."

"मी तेच सांगितलं जे या लॅबमध्ये माझ्या आधीपासून चालत आलंय. एकदा एका माणसाची गाठ सुट्टीच्या दिवशी टेबलावर राहून सडली. कॅन्सर होता की नाही ते त्याच्या बायकोला आम्ही कधी सांगू शकलो नाही. तुमच्या कागदांसाठी मी तो नियम मोडू?"

नियम बरोबर होता, हे मी तेव्हाही जाणत होते. एक तुकडा त्याच्यासाठी आणि एक माझ्यासाठी, एवढंच करायचं होतं. वर्षभरात त्याने ते मला एका वाक्यात सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"ज्यांच्याकडून तुकडे घेतले त्यांना मी शब्द दिला होता," मी म्हटलं.

"रोग्यांना शब्द डॉक्टर देतात, बाई."

मी तिथून थेट सर्जनकडे गेले आणि म्हटलं, मला आत उभं राहू द्या, नाहीतर नाही म्हणा, पण तोंडाने म्हणा. ते हात धूत होते. नळ बंद करून म्हणाले, "गुरुवारी या. टोपी-मास्क घालून या. कोपऱ्यात उभ्या राहा."

गुरुवारची रोगी पेठच्या डोंगरातली बाई होती. पन्नाशीची, विडीला कधी हात न लावलेली, चुलीपुढे जन्म काढलेली. आधी सहा महिने तिला टीबीच्या गोळ्या दिल्या होत्या, कारण फोटोत डाग दिसला की आपल्याकडे पहिला टीबीच. परवानगीचा कागद मी तिला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग मला त्याचा काय उपेग?"

"तुम्हाला काही नाही."

"मंग कोनाला?"

"माहीत नाही. पुढे कोणालातरी, कदाचित."

तिने कागद जवळ ओढला. "गोळ्या देनारा म्हनं, नक्की बरी होशील. तू तरी खरं बोलली." अंगठा उमटवताना म्हणाली, "नेतेस तर वाया घालवू नको. लय दुखलंय ते."

त्याआधी बावीस जणांचं मी वाया घालवलं होतं. हे तिला सांगितलं नाही.

गुरुवारी कोपऱ्यात मी होते आणि मधल्या दारातून तो बघत होता. गाठ ट्रेमध्ये आली. सिस्टरने आमच्या दोघांकडे पाहिलं, मग सुरीने तिचे दोन भाग केले. मोठा फॉर्मलिनमध्ये, लहान माझ्या नळीत. तो म्हणाला, "सिस्टर, तुमचं नाव लिहून ठेवतोय." ती म्हणाली, "लिहा सर."

जेलवर दोन पट्टे आले.

ती नळी धरून मुदत संपेपर्यंत मला अकराच नळ्या मिळाल्या. मूळ आराखड्याच्या निम्म्या. प्रबंध लहान झाला, निष्कर्षात 'बहुधा' फार वेळा आला, परीक्षकांनी तसं सुनावलंही. पण पास झाले. त्याआधी, प्रबंध बांधायला देण्याच्या आठवड्यात, मार्गदर्शक बाईंचा फोन आला होता. लॅबप्रमुखाने त्यांना पत्र लिहिलं होतं. त्याच्या विभागाच्या सहकार्याशिवाय हे काम झालं नसतं, तेव्हा आभारात आणि पुढच्या शोधनिबंधात त्याचं नाव असावं.

"घालून टाक ग," बाई म्हणाल्या. "तुला तिथेच राहायचंय. पुढचे नमुने कुठून आणशील?"

आभारांची यादी मी त्या रात्री जेवणाआधीच संपवली. सर्वांत वर अकरा रोगी, नाव न घेता. त्यांच्याखाली आधीचे बावीस, त्यांचे तुकडे माझ्या चुकीने निरुपयोगी झाले असं स्पष्ट लिहून. मग सर्जन. मग सिस्टर. मग रेतन केंद्रावरचे परिचर. नवरा शेवटी. लॅबप्रमुखाचं नाव कुठेही नाही.

प्रबंधाची एक प्रत मी त्याच्या टेबलावर ठेवली, आभाराच्या पानावर खूण घालून. महिन्याभरात माझी खोली रेकॉर्डच्या गठ्ठ्यांना दिली गेली आणि मी कॅन उचलून केंद्रावर परत करायला गेले.

"झालं का ताई काम?" परिचरांनी विचारलं.

"इथलं झालं."

"मंग ठेवा कॅन तुमच्याकडंच. दुसरीकडं लागंल." त्यांनी झाकण उचलून आत पाहिलं आणि न विचारता तो भरायला घेतला.